गाठीवरचा शिक्का आणि आतला धागा

एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या कापूसबाजारात ‘ऊमरा’ नावाचा माल विकला जाई. ऊमरा म्हणजे ऊमरावती, म्हणजे आपली अमरावती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे एवढी मागणी आली. १८६७ मध्ये भुसावळहून नागपूरपर्यंत रेल्वे झाली आणि अकोला, बडनेरा ही नावे व्यापाऱ्यांच्या नकाशावर ठळक झाली. नाव मोठे झाले तसे ते सैलही झाले. खानदेशातला, मध्य प्रांतातला, निजामाच्या मुलखातला कापूसही ‘ऊमरा’ याच नावाखाली परदेशी जाऊ लागला. खुद्द वऱ्हाडातही लांब, मऊ धाग्याच्या ‘बनी’ कापसाची जागा पुढे आखूड धाग्याच्या, पण रुईचा उतारा जास्त देणाऱ्या वाणांनी घेतली. गाठीवरचे नाव तेच राहिले, आतला माल बदलला.

प्रस्तुत लेखाचा विषय मोबाइल फोनवरचे ब्राउझर हा आहे. तरीही सुरुवात कापसापासून करण्याला कारण आहे. वऱ्हाडच्या बाजाराला दीडशे वर्षांपूर्वी जो प्रश्न पडला, तोच गेल्या तीस वर्षांत इंटरनेटला पडला: समोर आलेल्याची प्रत त्याने सांगितलेल्या नावावरून ठरवायची, की हात घालून पाहून? बाजाराने या प्रश्नाचे उत्तर कष्टाने शोधले. संकेतस्थळे बांधणाऱ्यांना ते अजून पुरते गवसलेले नाही आणि त्याची किंमत धारणी-दर्यापूरकडच्या माणसाला मोजावी लागते.

ओळखचिठ्ठी

आपण फोनवर एखादे पान उघडतो तेव्हा ब्राउझर त्या संकेतस्थळाच्या सर्व्हरकडे मागणी पाठवतो. त्या मागणीसोबत एक ओळ जाते. तांत्रिक भाषेत तिला यूजर-एजंट म्हणतात. या लेखापुरते आपण तिला ओळखचिठ्ठी म्हणू. मी अमुक ब्राउझर, माझी आवृत्ती अमुक, मी अमुक यंत्रावर चालतो, एवढे त्या चिठ्ठीत लिहिलेले असते. सर्व्हर ती आपल्या नोंदवहीत उतरवून ठेवतो.

या नोंदवह्यांशी माझा संबंध आला तो एका वाचनालयाच्या लहानशा संकेतस्थळामुळे. संगणकाचे शिक्षण मी कुठल्या महाविद्यालयात घेतलेले नाही. जे शिकलो ते पुस्तके उघडून आणि यंत्रे उघडून. पण जुनी दप्तरे वाचायची सवय होती, म्हणून या नोंदवह्याही मी दप्तरासारख्याच वाचत गेलो. कुठल्या वर्षी कोणता फोन आला, कोणता दिसेनासा झाला, हे त्यांत दिसते. आणि दप्तर वाचणाऱ्याला जो पहिला धडा मिळतो तोच इथेही मिळाला: कागदावर लिहिले आहे म्हणून ते खरे असतेच असे नाही.

वेबच्या पायाभूत नियमांचा १९९६ चा मसुदा पाहिला तर ही चिठ्ठी कशासाठी ठेवली हे स्पष्ट होते. आकडेवारीसाठी, नियम मोडणाऱ्या ब्राउझरचा माग काढण्यासाठी, आणि एखाद्या ब्राउझरची विशिष्ट अडचण ठाऊक असेल तर ती टाळून उत्तर देण्यासाठी. माणसांच्या प्रती लावण्यासाठी ती नव्हती.

सगळेच मोझिला

नेटस्केप या ब्राउझरचे घरातले नाव मोझिला. चिठ्ठीवर तो तेच नाव लिही. एका पानाच्या चौकटी पाडण्याची सोय त्याने आणली तेव्हा संकेतस्थळवाल्यांनी सोपा मार्ग काढला: चिठ्ठीत ‘मोझिला’ दिसले तर चौकटींचे चांगले पान द्यायचे, नाही तर साधे. मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर मागाहून आला. त्यालाही चांगले पान हवे होते. म्हणून १९९५ च्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीने चिठ्ठीच्या सुरुवातीला ‘मोझिला’ लिहिले आणि पुढे, आपण त्याच्याशी जुळणारे आहोत, असा शब्द जोडला.

तिथून हा पायंडाच पडला. लिनक्सवरच्या कॉन्करर ब्राउझरने आपण ‘गेकोसारखे’ आहोत असे लिहिले; गेको हे मोझिलाचे इंजिन. २००३ मध्ये आलेल्या सफारीने मोझिला आणि गेकोसारखे हे दोन्ही उचलले. २००८ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या क्रोमने हे सगळे घेऊन वर सफारीचेही नाव लावले. आज अकोल्यातल्या कुठल्याही फोनची चिठ्ठी पाहा. ‘मोझिला’ या शब्दानेच ती सुरू होते, मग तो फोन कोणत्याही कंपनीचा असो.

याला लबाडी म्हणणे सोपे आहे, पण मला ते पुरेसे वाटत नाही. ‘ऊमरा’ नावाला भाव मिळतो म्हटल्यावर दुसऱ्या मुलखातला व्यापारी ते नाव लावणारच. नावावरून भाव ठरवणारा बाजारच ही वेळ आणतो. नाव पाहून दार उघडायचे ठरवले की सगळे तेच नाव सांगू लागतात आणि मग नावाला अर्थ उरत नाही.

मोबाइल ही एकच प्रत?

मोबाइल फोन वेबवर आले तेव्हा हा घोळ अधिक वाढला. १९९७ मध्ये काही फोन कंपन्यांनी मिळून वॅप फोरम स्थापन केला. लहान पडद्यासाठी वेगळी भाषा आणि वेगळी पाने आली. कोणता फोन काय दाखवू शकतो हे कळावे म्हणून विकासकांनी एकत्र येऊन वर्ल्फ नावाची एक मोठी यादी तयार केली. चिठ्ठीत अमुक नाव असेल तर पडदा एवढा, रंग एवढे, चित्रे या प्रकारची, असे त्या यादीत नोंदवलेले असे. काम प्रामाणिक आणि प्रचंड होते. २०११ मध्ये तिचा परवाना बदलला आणि पुढच्या व्यापारी वापराला पैसे पडू लागले.

यादीचा मूळ दोष पैशाचा नव्हता. यादी नेहमी मागे असते. २००८ नंतरच्या चार-पाच वर्षांत अमरावतीच्या राजकमल चौकापासून अकोल्याच्या गांधी रोडपर्यंत दुकानादुकानांत चिनी बनावटीचे, दोन सिमचे स्वस्त फोन मिळत. त्यांतल्या अनेकांची नावे कुठल्याच यादीत नसत. यादीत नाव नाही म्हणजे सर्वांत खालची प्रत, असे गृहीत धरले की त्या फोनला दोन ओळींचे कोरडे पान मिळे, मग त्याची कुवत काहीही असो.

अँड्रॉइडचे टॅबलेट आले तेव्हा गूगलने सुचवले की फोनच्या चिठ्ठीत ‘मोबाइल’ हा शब्द असावा आणि टॅबलेटच्या नसावा. सगळ्याच यंत्रांनी ते पाळले असे झाले नाही. २०१९ मध्ये आयपॅडचा ब्राउझर तर आपण मॅक संगणक आहोत असेच सांगू लागला, कारण आयपॅडवाल्यांना संगणकाचेच पान हवे होते. दोन्हीकडून एकच गोष्ट सिद्ध होते. ‘मोबाइल’ या एका शब्दात आपण निदान पाच वेगवेगळे प्रश्न कोंबले आहेत. पडदा किती रुंद आहे? बोटाने चालतो की बटणांनी? नेटवर्क किती वेगाचे? पानातले प्रोग्रॅम तो चालवू शकतो का? आणि पाचवा प्रश्न, जो आपल्या दृष्टीने सर्वांत मोठा, तो पुढे येतो.

जोडाक्षरांची कसोटी

मराठी वाचकाचा अनुभव इथे इंग्रजी वाचकाहून वेगळा आहे आणि ब्राउझरच्या इतिहासात तो फारसा नोंदवला गेलेला नाही.

युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे स्वतःचे फाँट पानासोबत पाठवत. १९९७ च्या सुमारास नेटस्केपची त्यासाठी एक पद्धत होती आणि एक्सप्लोररची दुसरी. त्यामुळे आधी चिठ्ठी पाहायची आणि त्याप्रमाणे फाँट द्यायचा, असे चाले. २००४ मध्ये फायरफॉक्स आला. त्याला यांतली कुठलीच पद्धत येत नव्हती. त्यावर मराठी बातमी उघडली की रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा काला समोर येई. ब्राउझर नवा आणि चांगला होता, पण त्याला वाचता येईल असे पान कुणी पाठवतच नव्हते.

पुढे मोबाइलवर याहून चमत्कारिक गोष्ट घडली. २००६ च्या जानेवारीत ऑपेरा मिनी हा ब्राउझर जगभर उपलब्ध झाला. साध्या, बटणांच्या फोनवरही तो चाले. त्याची रीत अशी, की पान आधी ऑपेराच्या सर्व्हरवर उघडे, तिथे ते आवळले जाई आणि मग फोनवर येई. त्यामुळे डेटा फार कमी लागे. २०१० च्या आसपास कॉलेजातल्या मुलांना एक युक्ती पाठ होती. पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ असे लिहायचे आणि सर्वांत खाली असलेला, क्लिष्ट लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरे वापरण्याचा पर्याय चालू करायचा. मग सर्व्हर देवनागरी मजकुराची चित्रे करून पाठवी आणि ज्या फोनमध्ये देवनागरीचा मागमूस नाही त्याच्यावर मराठी जोडाक्षरे नीट दिसत.

त्याच काळात स्मार्टफोन म्हणून विकल्या जाणाऱ्या अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरीचा फाँटच नसे. मराठी पानावर ओळीच्या ओळी रिकामे चौकोन दिसत. म्हणजे चिठ्ठी वाचून प्रत लावणाऱ्याच्या लेखी अँड्रॉइड वरच्या प्रतीचा आणि बटणांचा फोन खालच्या प्रतीचा. पण मराठी वाचायचे असेल तर ही उतरंड नेमकी उलटी होती. तुला जोडाक्षर काढता येते का, हा तो पाचवा प्रश्न. हे आपल्या वाचकाचे मूळ काम, आणि तेच चिठ्ठीत कुठे लिहिलेले नव्हते. शिक्का ज्याने ठरवला त्याच्या गरजेपुरतेच शिक्क्यावर लिहिलेले असते.

बटणांचा फोन आणि ‘अँड्रॉइड’ हा शब्द

२०१७ च्या जुलैमध्ये जिओफोन जाहीर झाला. १,५०० रुपयांची परतीची अनामत, अडीच इंचांच्या आतला पडदा, आकड्यांची बटणे आणि फोर-जी. आत फायरफॉक्स ओएसमधून निघालेली कायओएस ही प्रणाली. या फोनच्या चिठ्ठीत ‘मोबाइल’ होते, ‘फायरफॉक्स’ होते, ‘कायओएस’ होते, आणि मधोमध ‘अँड्रॉइड’ हाही शब्द होता. कारण तेच जुने: जी संकेतस्थळे ‘अँड्रॉइड’ पाहून फोनचे पान देतात, त्यांनी आपल्यालाही ते द्यावे.

पण अँड्रॉइड म्हटले की बोटाने चालणारा पडदा आणि प्ले स्टोअर, असे धरून चालणारे पान या फोनवर काय करणार? ‘आमचे ॲप घ्या’ अशी पट्टी त्या चिमुकल्या पडद्यावर अर्धी जागा अडवते. ती मिटवायची फुली बोटासाठी आखलेली असते. बटणांनी तिथपर्यंत जाणे जिकिरीचे. आणि प्ले स्टोअर त्या फोनवर नसतेच.

त्याच वर्षी शेतकऱ्यांच्या कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते. पुढे पीकपाहणी, सातबारा, पीकविमा अशी एकेक कामे फोनवर येत गेली. फोन ही तोवर हौसेची वस्तू उरली नव्हती. मूर्तिजापूरकडच्या एका सेवा केंद्रात मी एका गृहस्थांना विचारले, अर्ज घरीच का नाही भरला? ते म्हणाले, “पान तं उघडते, पन खालचं बटनच दिसत नाई ना भाऊ.” केंद्रातल्या मुलाने त्यांचाच फोन घेतला, क्रोममधल्या ‘डेस्कटॉप साइट’ या खुणेवर टिचकी मारली, आणि तेच पान पूर्ण बटणांसह उघडले. गृहस्थांचे एसटीचे भाडे आणि अर्धा दिवस मात्र गेला होता.

त्या टिचकीने काय झाले? फोनने आपल्या चिठ्ठीतून ‘अँड्रॉइड’ आणि ‘मोबाइल’ हे शब्द काढले आणि आपण लिनक्सवर चालणारा संगणक आहोत असे लिहिले. फोन तोच, पडदा तोच, माणूस तोच. नाव बदलल्याबरोबर अर्ज भरण्याची पात्रता आली. ब्राउझरांनी तीस वर्षे जे केले तेच आता माणसाला शिकावे लागले.

कारंजाची तोड

आता पुन्हा कापसाकडे वळू, कारण बाजाराने या प्रश्नावर जी तोड काढली ती उपयोगी आहे. १८८६ मध्ये कारंजा इथे देशातली पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ सुरू झाली. १८९७ मध्ये वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. १९२३ मध्ये परमुलखातला कापूस आणून मिसळण्याला आळा घालणारा कायदा आला. १९२५ च्या कायद्याने जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांना बंधन घातले, की प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक असलाच पाहिजे.

१९२५ च्या शिक्क्यातला फरक ध्यानात घ्यावा. ‘ऊमरा’ हे नाव प्रतीचा दावा करत होते. प्रेसची खूण असला कोणताही दावा करत नाही. ही गाठ कुठे दाबली एवढेच ती सांगते, म्हणजे खोट निघाली तर माग काढता येतो. प्रत ठरवायची तर गाठीतून नमुना काढायचा, रुईचा पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत ओढून धाग्याची लांबी पाहायची. १९७२ च्या एकाधिकार खरेदी योजनेत ग्रेडरशी शेतकऱ्यांची भांडणे झाली ती प्रतीवरून झाली. पण कापूस न पाहता, नुसते गावाचे नाव ऐकून प्रत लावा, असे कुणी म्हटले नाही. शिक्का माग काढण्यासाठी, हात प्रत ठरवण्यासाठी, अशी ही वाटणी आहे. १९९६ च्या मसुद्यातला चिठ्ठीचा हेतूही जवळजवळ हाच होता.

फ्रेमवर्कने काय करावे

आज संकेतस्थळे शून्यापासून कुणी बांधत नाही. तयार सांगाडे असतात, त्यांना वेब फ्रेमवर्क म्हणतात. सांगाड्यात जी सवय घातली जाते ती हजारो संकेतस्थळांत उतरते, म्हणून हा प्रश्न त्यांच्या दारात नेऊन ठेवला पाहिजे. वर्डप्रेसमध्ये २०१२ पासून फोन ओळखण्याची एक सोय आहे. मोबाइल, अँड्रॉइड, ब्लॅकबेरी, ऑपेरा मिनी असे काही शब्द ती चिठ्ठीत शोधते आणि हो किंवा नाही एवढेच सांगते. टॅबलेटही तिच्या हिशेबी मोबाइलच. रेल्स या फ्रेमवर्कने २०१४ मध्ये वेगळी वाट घेतली. एकाच पानाची निरनिराळी रूपे ठेवायची सोय त्याने दिली, पण कोणाला कोणते रूप द्यायचे हा निर्णय बांधणाऱ्यावर सोडला. मला ही संयमाची भूमिका अधिक योग्य वाटते, मात्र ती पुरेशी नाही.

तिसरी वाट ईथन मार्कोट यांनी २०१० च्या मे महिन्यात एका लेखातून मांडली. पान एकच पाठवावे. ते पोचल्यावर पडद्याच्या रुंदीप्रमाणे त्याने स्वतःची मांडणी बदलावी. ज्या नियमांवर हे चालते त्यांना २०१२ मध्ये मान्यता मिळाली. पुढे रुंदीखेरीज बोटाने चालतो की माउसने, हेही पानाला जागेवरच विचारता येऊ लागले. पुंजका ओढून पाहण्याचाच हा प्रकार.

या सगळ्यावरून माझे म्हणणे असे. फ्रेमवर्कने मूळ मजकूर आणि अर्ज सर्वांना एकच द्यावा; बटण कोणाच्याही पानातून गाळू नये. मांडणीचे प्रश्न एकेकटे, फोनवर पान पोचल्यावर विचारावेत. ऑपेरा मिनीसारख्या ब्राउझरमध्ये पानाला स्वतः फारसे तपासता येत नाही, तिथे चिठ्ठीचा आधार घ्यायला हरकत नाही. पण तो पहिला अंदाज म्हणून. अंदाज चुकला तर वाचकाला एका टिचकीत बदलता यावा आणि तो बदल लक्षात ठेवला जावा. चिठ्ठीप्रमाणे वेगळे पान दिलेच, तर मधल्या साठवणुकीला तसे कळवावे, नाही तर एकाला दिलेले पान दुसऱ्याच्या हाती पडते. आणि ज्याची ओळख पटत नाही त्याला सर्वांत खालची प्रत समजू नये. त्याला साधे, पण पूर्ण पान द्यावे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सर्वांना एकच पान द्यायचे तर ते जड होते आणि मेळघाटातल्या अशक्त नेटवर्कवर रखडते. उत्तर असे की ज्या एका पानाची मी बाजू घेतो ते मुळात हलके असले पाहिजे. वजन वाढवायचे ते ज्याला पेलते त्याच्याकडे. आधी जड पान बांधून मग गरिबाच्या फोनसाठी त्याचे तुकडे पाडणे, या क्रमातच चूक आहे.

इतक्यात चिठ्ठीही आटत चालली आहे. वाचकांचा पाठलाग करायला जाहिरातवाले तिचा उपयोग करतात, म्हणून क्रोमने २०२२ पासून तिच्यातला तपशील कमी केला. २०२३ पासून अँड्रॉइडवरचा क्रोम, फोन कोणताही असो, ‘अँड्रॉइड १०’ आणि फोनच्या नावाऐवजी ‘के’ हे एकच अक्षर लिहितो. मोबाइल आहे की नाही, हे सांगायला वेगळी, एका आकड्याची सूचना तो पाठवतो. वर्डप्रेसची सोयही २०२३ पासून ती पाहते. नोंदवह्या वाचणाऱ्या माझ्यासारख्याचे यात नुकसान आहे. अकोल्यात कोणता फोन कधी आला हे पुढच्या अभ्यासकाला या दप्तरातून काढता येणार नाही. तरी मला हा बदल बरा वाटतो. दर्यापूरचा आठ हजारांचा फोन आणि मुंबईचा लाखाचा फोन आता सर्व्हरसमोर एकाच नावाने उभे राहतात. नाव विचारून काही कळत नाही म्हटल्यावर, बांधणाऱ्यांना हात घालून पाहणे भाग आहे.